पोट कोणत्या वारी दुखते?

माझ्या नोकरीच्या उत्तरार्धात, माण तालुक्याच्या कडेला असलेल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवीत असताना, नववीच्या वर्गातील एक मुलगी दर मंगळवारी आणि गुरुवारी गैरहजर राहू लागली. दुसऱ्या दिवशी ती येई तेव्हा वडिलांच्या सहीची चिठ्ठी दप्तरात असे, आणि चिठ्ठीतले कारण ठरलेले असे : पोट दुखत होते. दोन महिने हा क्रम चालला. मी हजेरीपत्रकात लाल शाईने फुल्या मारल्या, शेऱ्याच्या रकान्यात ‘अनियमित’ असा शब्द घातला आणि आपले कर्तव्य पार पडले अशा समजुतीने पुढच्या धड्याकडे वळलो. तिकडे घरी, पोरीचे मन शाळेत नाही असा निष्कर्ष वडीलधाऱ्यांनी केव्हाच काढला होता, आणि म्हसवडकडच्या एका स्थळाची कुजबूजही सुरू झाली होती.

गाठ सुटली ती आजीच्या हातून. उन्हाळी भुईमुगाच्या बियाण्यासाठी ती ओसरीवर शेंगा फोडीत बसली होती, नात शेजारी बसून तेच काम करीत होती, आणि वर मान न करता आजी सहज म्हणाली, “मंगळवारीच कसं गं दुखतं तुझं पोट? देवीचा वार म्हणून का?” मुलगी हसली, आणि हसता हसताच तिने सगळे सांगून टाकले. मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर गणिताचा जादा तास असे. तो संपेपर्यंत पाचची एस.टी. निघून गेलेली असे. पुढची गाडी साडेसातला. ती फाट्यावर उतरवून देई. फाट्यापासून वस्तीपर्यंत पाऊण कोसाचा अंधार, आणि त्या अंधारात मोटारसायकली आडव्या लावून बसणारी टवाळ पोरे. जादा तास चुकवून पाचची गाडी धरावी तर दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहण्याची शिक्षा होती, म्हणून त्या दिवशी शाळेतच न येणे तिला बरे वाटत होते. जादा तास माझा होता. शिक्षाही मीच ठरविलेली होती. मुलींसाठीचा एस.टी.चा मोफत पास तिच्या कंपासपेटीत अगदी नीट घडी करून ठेवलेला होता. पास होता, पण वेळेवर गाडी नव्हती. वडील टोपी हातात घेऊन शाळेत आले, मी तो तास सकाळी दहाच्या आधी घेऊ लागलो, आणि पोटदुखी थांबली.

या प्रकरणाचा मी पुढे पुष्कळ वेळा विचार केला. तारखा हजेरीपत्रकात होत्या, तास वेळापत्रकात होते, गाड्यांच्या वेळा स्थानकावरच्या फलकावर होत्या; तीन दप्तरांत विखुरलेली ही माहिती कोणीही पाच मिनिटांत जुळवू शकला असता, परंतु ती जुळवण्याचे मनात आले ते, यांतील एकही दप्तर ज्या बाईला वाचता येत नव्हते तिच्या. प्रश्न विचारताना तिला काही सिद्ध करायचे नव्हते, आणि मुलीलाही बचाव करायचा नव्हता. ज्या पालकांची मुले आठवी ते दहावीत आहेत त्यांना या लेखात मला जे सांगायचे आहे ते बहुतेक याच ओसरीवर घडून गेलेले आहे.

मुलाचे शाळेत मन रमते म्हणजे नेमके काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. अमेरिकेतील जेनिफर फ्रेड्रिक्स, फिलिस ब्लूमेनफेल्ड आणि ॲलिसन पॅरिस या तिघींनी २००४ साली या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेताना त्याचे तीन पदर सांगितले : मूल शाळेत येते, बसते, नियमाने वागते हा एक, शाळेविषयी, शिक्षकांविषयी, सोबत्यांविषयी त्याला आपलेपणा वाटतो हा दुसरा, आणि समोरच्या विषयात त्याची बुद्धी स्वतःहून गुंतते हा तिसरा. आपल्याकडे घरात पहिल्या पदराची चौकशी होते, आणि या तिहींबाहेरच्या गुण नावाच्या चौथ्याच वस्तूचा हिशेब होतो. मधले दोन पदर, म्हणजे मूल ज्यांच्या आधाराने शाळेत टिकते ते, कोणाच्या नजरेस पडत नाहीत, कारण ते कागदावर उमटत नाहीत. ते बोलण्यातच दिसतात.

आपल्या घरांत मुलांशी बोलणे कमी होते, असे मात्र मी म्हणणार नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील शेकडो घरांच्या ओसऱ्यांवर बसून चहा घेतल्यानंतर माझे मत उलट झाले आहे : बोलणे विपुल असते, परंतु त्याचे तीनच प्रकार असतात, फर्मान, तगादा आणि जबानी. उठ, आवर, बस चुकेल, हे फर्मान. अभ्यास झाला का, वही पूर्ण केलीस का, हा तगादा. आणि कोठे होतास, कोणाबरोबर होतास, शेजारच्याला किती मिळाले, ही जबानी. तेरा-चौदा वर्षांचे मूल जबानी देताना तेच करते जे शहाणा आरोपी करतो : विचारले तेवढ्याचे उत्तर देते, शक्य तर एका शब्दात देते, आणि जे सांगितल्याने आपल्यावर कसूर लागू होईल ते गिळून टाकते. यात मुलाचा खोटेपणा नाही; कचेरीचा तो रिवाजच आहे. कचेरी आपण मांडली आहे, एवढे मात्र लक्षात घेतले पाहिजे.

या अनुभवाला दूर देशातील एका पाहणीने मोठा आधार दिला आहे. मुलांवर ‘लक्ष ठेवणारे’ आईबाप असले की मुले मार्गावर राहतात, अशी समजूत तेथेही रूढ होती. स्वीडनमधील हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांच्या ७०३ मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची माहिती तपासून २००० साली दाखवून दिले की, मुलाविषयी पालकांना जे कळते त्यातला फार मोठा भाग पाळत ठेवून किंवा खोदून खोदून विचारून मिळत नाही. तो मुलांनी आपणहून सांगितलेला असतो. याचा अर्थ नीट मनात उतरवला पाहिजे. चौकशीची ताकद वाढवून माहिती वाढत नाही. मूल आपणहून बोलेल अशी जागा घरात असली तरच माहिती येते, आणि ही जागा मोकळी ठेवणे हे चौकशीहून अधिक कष्टाचे काम आहे, कारण त्यात पुष्कळ वेळ गप्प बसावे लागते.

मग अशी जागा करावी कशी? पहिली गोष्ट, समोरासमोर बसवून बोलू नये. या वयाच्या मुलाला खुर्चीवर बसवून ‘आता मला सगळे सांग’ म्हटले की त्याच्या तोंडाला कुलूप लागते. शेंगा फोडताना, लसूण सोलताना, गोठ्यात धार काढताना, द्राक्षांच्या पेट्यांना कागद लावताना, किंवा मोटारसायकलवर मागे बसवून तासगावच्या बाजाराला जाताना, म्हणजे जेथे हात किंवा रस्ता डोळ्यांना काम देतो आणि एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही तेथे, जे निघत नाही ते निघते. आपल्या शेतकरी घरांत अशा जोडकामाची कमतरता नाही. कमतरता आहे ती त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवण्याची, आणि हे मी मुलांपेक्षा बापांना उद्देशून अधिक म्हणतो आहे.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या घडणीची. ‘आज शाळेत काय झालं?’ हा प्रश्न इतका रुंद आहे की त्याचे उत्तर ‘काही नाही’ असेच येणार. प्रश्न बारीक असावा आणि त्यात गुणाचा वास नसावा. सहामाहीनंतर बाकांची अदलाबदल झाली का, तुझ्या शेजारी आता कोण बसतो; विज्ञानाच्या सरांची बदली होणार होती तिचे काय झाले; खो-खोच्या संघात यंदा कोणाला घेतले; काल ज्या मुलाला बाहेर काढले होते तो आज आला का. या शेवटच्या प्रकारात फार गुण आहे, कारण कालचे तुझे बोलणे मी विसरलो नाही, अशी पावती त्यात मुलाला मिळते. जो बाप वर्गातील चार मुलांची नावे आणि दोन शिक्षकांच्या लकबी जाणतो, त्याला शाळेतील सत्तर टक्के गोष्टी न विचारता कळतात, असे मी पुष्कळदा पालकसभेत सांगितले. टक्केवारी अर्थातच माझ्या पदरची होती, पण म्हणणे खरे होते.

तिसरी गोष्ट विश्वासाची, आणि येथे चांगल्या घरांचाही पाय घसरतो. मुलाने एखाद्या रात्री सांगितले की इंग्रजीच्या तासाला उभे केल्यावर आपल्याला शब्द उच्चारता आला नाही आणि वर्ग हसला. आई ते ऐकून घेते, पाठीवर हात फिरवते. आणि आठवड्याने मामा आले असता चहाच्या वेळी, अगदी प्रेमानेच, तीच गोष्ट सर्वांदेखत सांगते. त्या क्षणी मुलाच्या मनात जी नोंद होते ती कोणत्याही गुणपत्रिकेहून पक्की असते. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही ठेव आहे. तिच्यावर व्याज खाऊ नये. ‘मागे तूच म्हणाला होतास ना’ असे भांडणाच्या वेळी तिला साक्षीला आणणे तर त्याहून वाईट.

आणि चौथी, आपणही काही सांगावे. बाजार समितीत आज हळदीच्या सौद्याला काय झाले, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर किती वेळ खोळंबा झाला, तलाठी भेटला की नाही, आपले स्वतःचे कोठे चुकले : हे मुलांपुढे बोलणारा बाप मुलांना दिवसाची हकीकत कशी सांगावी याचा नमुनाच घालून देत असतो. ज्या घरात मोठी माणसे आपल्या दिवसाविषयी अवाक्षर बोलत नाहीत त्या घरात लहानांनीच रोज कैफियत द्यावी, ही अपेक्षा मला तरी न्यायाची वाटत नाही.

कोणी म्हणेल, आम्ही अडाणी माणसे, बीजगणित आम्हांस येत नाही, शाळेविषयी बोलावे काय? हा आक्षेप मी फार ऐकला आहे आणि त्याचे उत्तर देण्यास मला सर्वांत आनंद वाटतो. एस्थर हो आणि डग्लस विल्म्स यांनी १९९६ साली अमेरिकेतील आठवीच्या २४ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या माहितीवरून असे दाखविले की, पालक शाळेत किती वेळा जातात यापेक्षा घरात शाळेविषयी बोलणे होते की नाही याचा मुलाच्या प्रगतीशी अधिक जवळचा संबंध आहे. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ साली अशा ५० अभ्यासांची छाननी केली तेव्हा त्यांना असे आढळले की, या वयात गृहपाठाला हात लावून केलेली मदत फारशी उपयोगी पडतेच असे नाही. शिक्षण कशासाठी, पुढे काय करायचे, अभ्यासाचा मार्ग कसा काढायचा, यांविषयी पालकांनी मुलाशी केलेले बोलणे अधिक उपयोगी पडते. अर्थात संबंध आढळला म्हणजे कारणच सापडले असे होत नाही, हे गणिताच्या शिक्षकाने सांगितलेच पाहिजे. परंतु ज्याला बीजगणित येत नाही त्या बापाला या निष्कर्षात हिंमत वाटण्यासारखे पुष्कळ आहे.

आपल्या मुलखाला तर यासाठी परदेशी दाखल्यांची गरजही नाही. सातारच्या राजवाड्यातील सरकारी इंग्रजी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे त्याची सही आहे, आणि तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. भीमराव आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे कबीरपंथी. घरात भजन आणि पाठ, आणि मुलांना रामायण-महाभारत मोठ्याने वाचायला लावण्याचा त्यांचा नेम. पुढे मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीचा संसार असताना, मुलाला लवकर निजवून, स्वतः जागे राहून, रात्री दोन वाजता ते त्याला अभ्यासाला उठवीत आणि मग आपण अंग टाकीत. पुस्तके हवी झाली की लग्न झालेल्या मुलींकडे जात, पैसे नसले तर दागिना मागून घेत, तो गहाण टाकीत आणि पेन्शन मिळाली की सोडवून परत करीत. बाप या मुलाला अभ्यास कर असे सांगत होता यात नवल नाही. सगळेच बाप सांगतात. पण अभ्यासासाठी घराने आपली झोप आणि आपले सोने बाजूला काढले आहे हे मुलाला दिसत होते, आणि दिसणारी गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

त्याच घरातली दुसरी हकीकत मात्र मनाला टोचणारी आहे. १९०१ च्या सुमारास रामजी सातारा जिल्ह्यातच दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि मुले साताऱ्यास आत्याजवळ राहत होती. सुट्टीत मुलांनी वडिलांकडे जायचे ठरले. आपण अमुक दिवशी येतो असे पत्र मुलांनी धाडले. नवे कपडे घालून ती मसूर स्टेशनावर उतरली. आणि न्यायला कोणीच आले नाही. पुढे उघड झाले की पत्र वडिलांच्या गड्याच्या हाती पोचले होते, पण त्याने ते वडिलांना दिलेच नव्हते. त्या रात्री बैलगाडीच्या प्रवासात त्या लेकरांना पाण्यावाचून जे भोगावे लागले त्याचे कारण अस्पृश्यता हे होते, गड्याचा विसर हे नव्हे, आणि त्या वेदनेला दुसऱ्या कशाच्या दृष्टान्तासाठी वापरणे मला प्रशस्त वाटत नाही. पत्रापुरते बोलतो. धाडलेला निरोप मधल्या माणसाच्या खिशात राहतो, आणि दोन्ही टोकांची माणसे आपापल्या जागी निश्चिंत असतात, हा प्रकार माझ्या नोकरीत मी वारंवार पाहिला. शाळेची सूचना दप्तराच्या तळाशी चुरगळलेली राहते. पालकांच्या व्हॉट्सॲप समूहावर आलेला निरोप वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. आईला कळलेले बापाला कळत नाही, कारण तो चिडेल. आणि बापाला कळलेले आईला कळत नाही, कारण ती रडेल. म्हणून घरात एक साधा नेम करावा : आठवड्यातून एकदा, शनिवारी दुपारी म्हणा, मुलाचे दप्तर मुलानेच सर्वांसमोर उघडावे आणि कागद काढावेत. झडती नव्हे, झडती दुसऱ्याने घ्यायची असते.

मुलाने टिकावे म्हणून घरच शाळेत नेऊन वसवण्याचा प्रयोगही याच मातीत झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह उघडले, त्यात निरनिराळ्या जातींची खेड्यातली मुले एका पंगतीत जेवत, राबत आणि शिकत. घरून आणलेले धान्य संपले आणि मुले उपाशी राहण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, काढून दिले, ही गोष्ट साताऱ्यात लहान पोरालाही माहीत आहे. मुलाला शाळा आपली वाटायची तर तेथे आपली वास्तपुस्त करणारे कोणी आहे अशी त्याची खात्री पटावी लागते, हे त्या दोघांनी ओळखले होते. आज वसतिगृहाचे अधीक्षक असलेल्यांनीही आपली अर्धी नोकरी आईबापाची आहे हे ध्यानात ठेवावे, एवढे म्हणून मी पुढे जातो.

पालकसभेविषयी थोडे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, परंतु सभेचा रंग पुष्कळ ठिकाणी जुनाच राहिला : टेबलाच्या पलीकडे शिक्षक, अलीकडे पालक, आणि ज्याच्याविषयी सारे चालले तो बाहेर व्हरांड्यात खांबाला टेकून. आपण शाळेत जाल तेव्हा मुलाला बरोबर आत न्या. जाण्यापूर्वी आदल्या रात्री त्याला विचारा की, सरांना मी काय विचारावे असे तुला वाटते, आणि काय विचारू नये असे वाटते. शिक्षकांना पहिला प्रश्न ‘कसा आहे हो आमचा?’ असा घालू नका, कारण त्याला तक्रारीचेच उत्तर येते. ‘वर्गात हा कशात पुढे असतो?’ असे विचारा. आम्हा शिक्षकांना हा प्रश्न ऐकून क्षणभर अडखळायला होते, मग आम्ही मुलाकडे प्रथमच नीट पाहतो, आणि काही ना काही सापडतेच.

कऱ्हाडच्या विठाबाईंची गोष्ट येथे आठवते. नवरा कोर्टात बेलिफ होता, तो साथीत गेला, बाई अक्षरशत्रू, थोरल्यांनी संसाराचा भार उचलला आणि धाकट्या यशवंताला टिळक हायस्कुलात ठेवले. १९३२ साली तो मुलगा चळवळीत पकडला गेला तेव्हा शाळेतले एक शिक्षक आईला घेऊन त्याला भेटायला गेले आणि माफी मागितली तर सुटका होईल असे त्यांनी चांगल्या बुद्धीने सुचविले. माफी कशाबद्दल मागायची, म्हणून बाईंनी ते साफ नाकारले, आणि मुलाला प्रकृती जपायला सांगून त्या परत फिरल्या. यशवंतराव चव्हाण तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा शाळेत बसले आणि १९३४ साली मॅट्रिक झाले. ज्या बाईला शाळेची पायरी ठाऊक नव्हती तिला मुलाच्या मनात काय चालले आहे हे ठाऊक होते. त्यामुळे शिक्षकापुढे ती त्याच्या वतीने बोलू शकली, आणि मोडलेली शाळा कायमची मोडली नाही.

शाळा मोडण्याचे प्रसंग आजही येतात, आणि सर्वांत धोक्याचा असतो तो निकालाचा दिवस. कोल्हापूर विभागीय मंडळाच्या कक्षेत आपले दोन्ही जिल्हे येतात. निकाल दुपारी मोबाइलवर लागतो आणि संध्याकाळपर्यंत भावकीत पोचतो. त्या रात्री गुणांवर चर्चा करू नये असा माझा आग्रह आहे. जेवण नेहमीचे करावे, पाहुण्यांचे फोन मोठ्यांनी घ्यावेत, मुलाला एकटे सोडू नये आणि प्रश्नही विचारू नयेत. जे बोलायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी, मुदती आणि अर्ज यांच्या भाषेत बोलावे. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत प्रवेशाची सवलत असते, पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सांध्यावर होते, शाळा सुटलेल्याला सतरा नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या बसता येते. हे बापाच्या तोंडून निकालाच्या आधीच एकदा सहज कानावर पडलेले असावे, म्हणजे त्या दुपारी मुलाला सगळे रस्ते बंद झाल्यासारखे वाटणार नाही.

काही खुणा मात्र दुर्लक्षिण्यासारख्या नसतात. पोट एकाच वारी दुखू लागले तर वेळापत्रक काढून पाहावे. जुना सोबती अचानक घरी येईनासा झाला, डबा भरलेला परत येऊ लागला, मुलगी विशिष्ट रस्त्याने जाण्याचे टाळू लागली, मुलगा आवडत्या खेळाचे नाव घेईनासा झाला, तर शाळेवर किंवा मुलावर दोष ठेवण्यापूर्वी आठ दिवस नुसते जवळ राहून ऐकावे. जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली तर आठ दिवसही थांबू नये. डॉक्टरांकडे न्यावे, आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचे असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या किंवा मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर फुकट बोलता येते, हे क्रमांक भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावेत.

आता जो प्रश्न आपल्या दोन जिल्ह्यांचा खास आहे त्याकडे येतो. येथे बाप घरात नसतो. पाटण-जावळीचा बाप मुंबईत माथाडी असतो, अपशिंग्याचा फौजेत असतो, आणि खानापूर-आटपाडीचा बाप सोनेचांदीच्या गलाईच्या धंद्यात कोइमतूरपासून कलकत्त्यापर्यंत कोठेही असतो. पूर्वी त्याचा संवाद मनिऑर्डरच्या कुपनावरील चार ओळींत होई. आज फोन आहे, पण ओळी चारच राहिल्या आहेत. विट्याजवळच्या एका गावी माझ्या वर्गातील मुलाच्या घरी मी बसलो असताना रात्री नऊला फोन आला तो असा :

“जेवलास का?”

“व्हय.”

“अभ्यास चाललाय न्हवं?”

“व्हय.”

“आईकडं दे.”

मुलगा दहावीत होता. हुशार, परंतु वर्गात शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणारा. पुढे गावच्या यात्रेला वडील आले, माझ्याकडे आले, आणि पोरगं आपल्याशी बोलतच नाही म्हणून खिन्न होऊन बसले. मी त्यांना म्हटले, तुम्ही रोज फोनवर त्याचा टंच काढता. मूस गरम होण्याआधीच टंच काढला तर काय हाती लागणार? तुम्ही दुकानात दिवसभर काय करता ते त्याला कधी सांगितले आहे का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यात सांगण्यासारखे काय आहे, असे त्यांना वाटत होते.

दोन-तीन महिन्यांनी आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी मला गाठून सांगितले की, धातूंचा पाठ चालू असताना शेवटच्या बाकावरून आवाज आला : सर, सोने तेजाबात टाकले तर चांदी आणि तांबे विरघळते, सोने तळाला राहते, पण आधी सोन्यात चांदी जास्त घालून वितळवावे लागते, नाहीतर तेजाब आत शिरत नाही, हे पुस्तकात का नाही? पुस्तकात अम्लराज होते, त्याचे एकास तीन हे प्रमाण होते, परंतु वडिलांच्या भट्टीवरची ही युक्ती नव्हती. शिक्षकांनी त्याला फळ्याजवळ बोलावले आणि अर्धा तास त्यालाच बोलू दिले.

त्या घरी मी पुन्हा गेलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि फोन चालूच होता. आई परातीत भाकरी झाकून ठेवून बसली होती. कालवण निवले म्हणून तिची कुरकूर चालली होती, पण तिने मधे तोंड घातले नाही. मुलगा पायरीवर बसून, पायाच्या अंगठ्याने माती उकरीत, ऐकत होता. मग त्याने विचारले, “आबा, ती वाफ रोज तुमच्या नाकात जाते? तोंडाला फडकं बांधता का न्हाई?”

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ते बोलू लागले, आणि मी चपला घालून बाहेर पडलो.